चित्रांना ऊन दाखवलं

माझ्या आईची देवावर श्रद्धा होती, पण भरवसा उन्हावर होता. गोधडीत ढेकूण झाले, ऊन दाखवा. डाळीत किडे झाले, ऊन दाखवा. पेटीतल्या लग्नाच्या शालूला कुबट वास यायला लागला, ऊन दाखवा. धाकट्या भावाचा खोकला हटेना तर त्यालाही ती सकाळच्या उन्हाला पाठ करून अंगणात बसवायची आणि शेजारी वाळत घातलेल्या पापडांबरोबर त्यालाही मधूनमधून वळवायची. त्याचा खोकला बरा व्हायचा, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं.

आमच्या पिंपरी गावात सगळ्याच बायका अशा होत्या. पावसाळ्याचे चार महिने पवना नदीची ओल भिंतींत मुरलेली असायची. दसऱ्याच्या आगेमागे आभाळ एकदा मोकळं झालं की सगळं गाव आपला संसार घराबाहेर काढायचं. अंगणात, कुडावर, गोठ्याच्या पत्र्यावर, जिथं हात पुरेल तिथं काही ना काही पसरलेलं. कुणाच्या दारात काय वाळतंय यावरून त्या घरातली बाई कशी आहे ते ठरायचं. माझी आई या परीक्षेत कधी नापास झाली नव्हती.

ही गोष्ट पन्नासनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. तेव्हा पिंपरी म्हणजे नदी, शेतं आणि लांबवर नुकतं वर येऊ लागलेलं औषधाच्या कारखान्याचं बांधकाम. वडील शेत सांभाळून त्या बांधकामावर जायचे. गावाला लागून कॅम्प होता. लष्करानं सोडलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं राहायची. एका बराकीत कितीतरी घरं, आणि घराघरांत भिंतीऐवजी गोणपाट. गावातली माणसं कॅम्पात भाजी नि दूध विकायला जायची. परत आल्यावर तिकडच्या चालीरीतींबद्दल मीठमसाला लावून बोलायची.

त्या कॅम्पातली एक मुलगी आमच्या शाळेत माझ्या शेजारी बसायला आली आणि माझी मैत्रीण झाली. आमची मैत्री काडेपेटीच्या चित्रांवरून जुळली. तेव्हा आम्हा सगळ्या पोरांना काडेपेटीवरचे छाप गोळा करायचं वेड होतं. हरीण, पोपट, आगबोट, कमळ. पेटी संपली की पाण्यानं भिजवून छाप सोडवायचा, वाळवायचा आणि अदलाबदल करायची. एका हत्तीच्या बदल्यात दोन पोपट सहज मिळायचे. माझा साठा गावात सगळ्यात मोठा होता आणि मी तो ओट्याच्या भिंतीवर खळीनं चिकटवला होता, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा. नम्रता हा गुण माझ्यात तेव्हा नव्हता, पुढंही फारसा आला नाही.

मैत्रीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला ऐटीत भिंतीपुढं उभं केलं. तिनं चित्रं पाहिली, मग मागं वळून आभाळाकडं पाहिलं, आणि विचारलं, "दुपारी ऊन इथं येतं?"

"येतं की. संध्याकाळपर्यंत असतं."

"मग तुझे हत्ती मरणार," ती म्हणाली. तिचं मराठी आमच्याच शाळेत शिकलेलं, त्यामुळं थोडं पुस्तकी होतं आणि अडलं की हिंदीत शिरायचं. "ऊन रंग पितं. रोज थोडा थोडा. तुला कळत पण नाही."

मला राग आला. माझ्या दारात उभी राहून माझ्या हत्तींना मारते म्हणजे काय! पण तिनं कडेचा एक छाप नखानं हळूच उचलला. त्याच्या काठावर दुसऱ्या छापाची कड चढली होती. त्या कडेखालची पट्टी लालभडक होती आणि बाकीचं चित्र धुतलेल्या परकरासारखं विटलेलं. मी रोज बघत होते आणि मला दिसलंच नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी भिंत ओली करून सगळे छाप सोडवले. निम्मे फाटले. मी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले, आणि मग उरलेले एका जुन्या पंचांगाच्या पानांत ठेवले.

त्यानंतर तिनं मला तिचा डबा दाखवला.

तो बिस्किटांचा पत्र्याचा चपटा डबा होता. आत जुन्या छत्रीचं काळं कापड, आणि त्या कापडात गुंडाळलेली चित्रं. आमच्या काडेपेटीच्या छापांसारखी पातळ नव्हेत, जाड, गुळगुळीत, तळहातात मावतील एवढी. पूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून अशी चित्रं यायची म्हणे. कराचीला तिच्या वडिलांचं दुकान होतं. तिचा थोरला भाऊ गिऱ्हाइकांकडून ती मागून घ्यायचा आणि गल्लीतल्या पोरांशी बदलायचा. जहाजं होती, मोर-पोपटांसारखे पक्षी होते, फुलं होती, मिशीवाले शिपाई होते. असे रंग मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. निळा म्हणजे नुसता निळा नाही, मोराच्या मानेचा.

पण ती बघायची रीत फार कडक होती. आधी बराकीचं दार लोटायचं. खिडकीवर चादर टाकायची. मग दोघींनी खाटेखाली सरपटत जायचं. एका वेळी एकच चित्र बाहेर, तेही कडेनं धरून. फटीतून उन्हाची तिरीप आली तर ती लगेच तळहात आडवा धरायची. मला हसू यायचं. एकदा मी म्हटलं, "अगं, ऊन आहे, मांजर नाही झडप घालायला."

ती हसली नाही. "अदा असंच करायचा," ती म्हणाली. त्यांच्यात भावाला अदा म्हणतात.

मग तिनं मला सांगितलं. अदा तिला असंच खाटेखाली न्यायचा आणि चित्रावर बोट ठेवून विचारायचा, हा रंग कुठला? ती लाल म्हणाली की बोट पुढं सरकायचं. हा कुठला? रंगांची नावं ती या चित्रांवरून शिकली होती. तिचं सगळ्यात लाडकं चित्र एका जहाजाचं होतं. जहाजाच्या मधोमध धुराचं लाल नळकांडं होतं. अदा सुरुवात तिथून करायचा, कारण तिला पहिला आला तो लाल. पुढं खऱ्याच जहाजात बसून ते मुंबईला आले. हा डबा त्यानं तिच्या मांडीवर ठेवला होता आणि सांगितलं होतं, ऊन लागू देऊ नकोस. मुंबईहून त्यांना पहिल्यांदा ज्या छावणीत नेलं, तिथंच तापानं तो गेला. त्याचा एकही फोटो त्यांच्याकडं नव्हता.

"मला त्याचा चेहरा आठवत नाही," ती म्हणाली. "फक्त बोट आठवतं. जहाजावरचं."

आम्ही दोघी दहा-अकरा वर्षांच्या होतो. त्या दिवसापासून मीही तिरीप आली की तळहात आडवा धरायला लागले.

त्या वर्षी पाऊस फार झाला. बराकीचं छप्पर जागोजागी गळायला लागलं आणि पावसानंतर ते उतरवून नवे पत्रे घालायचं ठरलं. घरात चहूकडून ओल, वरून आता छप्परही जाणार. मैत्रीण डबा पोटाशी धरून आमच्याकडं आली. बरोबर तिची आई होती. ती बाई कमी बोलायची, तिला मराठी येत नव्हतं. तिनं माझ्या आईचे दोन्ही हात धरले आणि एकच शब्द म्हणाली, "अमानत."

विश्वासानं सांभाळायला दिलेली ठेव. तो शब्द आमच्याही बोलण्यातला होता, त्यामुळं आईला अर्थ सांगावा लागला नाही. आई म्हणाली, "बाई, काळजी करू नगा. माझ्या पोरापरीस जास्त जपीन." आणि डबा तिनं देवळीत, देवांच्या शेजारी ठेवला.

मग दिवाळी आली. दर वर्षी आई भाऊबीजेला चाकणला माहेरी जायची. त्या वर्षी म्हैस विणार होती म्हणून ती घरी राहिली आणि मामा येऊन मला एकटीलाच घेऊन गेला. जाताना मी आईला बजावलं, "आये, डबा उघडू नको. त्याला ऊन चालत न्हाई."

"व्हय गं बाई, कळलं," आई म्हणाली. आईचं "व्हय गं बाई" किती हलक्यात घ्यायचं असतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चाकणला मामाच्या वाडीत शाळेची सुट्टी संपेपर्यंत माझी चंगळ झाली. करंज्या खाल्ल्या, मामेबहिणींशी भांडले, कांद्याच्या वखारीच्या गार सावलीत लपाछपी खेळले. डब्याची आठवण मला एकदाही आली नाही, कारण तो आईकडं होता आणि आईकडं दिलेली वस्तू कधी हरवली नव्हती.

परत आले तेव्हा सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. आई दारातच होती, खुशीत. म्हैस व्याली होती, रेडी झाली होती. पण तिला मला आधी दुसरंच काही दाखवायचं होतं. तिनं माझा हात धरून मला गोठ्याच्या बाजूला नेलं. कुडाला टेकून उन्हात दोन सुपं ठेवली होती. सुपांत मैत्रिणीची चित्रं मांडली होती. एकावर एक येऊ न देता, देवापुढं विडे मांडावेत तशी नीट रांगेत. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या मधोमध एक एक खडा. ते माझे खेळायचे खडे होते, नदीतून वेचून आणलेले.

"तू गेलीस अन् मी म्हनलं बगावं तरी," आई सांगायला लागली. "तर डब्यात कसर! चांदीवानी पळती बघ ती. म्हनलं, मेले, लोकाची वस्तू खाती व्हय? रोज सकाळी सुपं भाईर, सांजच्याला तशीच उचलून आत. एक खडा हलू दिला न्हाई. आता बघ कशी उजळल्यात."

उजळल्यात. तोच शब्द तिनं वापरला. आईच्या हिशेबी ओल गेली की वस्तू उजळते. धोतर उजळतं, तांदूळ उजळतात. चित्रं पांढरी पडत चालली ते तिनं रोज पाहिलं होतं आणि रोज तिला वाटलं होतं, बुरशी चालली, बरं झालं. मी सुपात पाहिलं. मोराच्या मानेचा निळा गेला होता. शिपायांच्या मिशा तेवढ्या उरल्या होत्या, अंगावरचे लाल डगले ताकात बुडवल्यासारखे झाले होते. जहाजाचं समुद्रासकट पाणी झालं होतं.

मी जमिनीवर बसून भोकाड पसरलं. आईला आधी कळेना. मी हुंदक्याहुंदक्यांनी सांगितलं: तिचा भाऊ मेला, तो तिला यावर रंग शिकवायचा, तिच्याकडं त्याचं दुसरं काही नाही, ऊन लावू नको असं त्यानंच सांगितलं होतं. आई ऐकत उभी राहिली. मग तिनं पटकन दोन्ही सुपं उचलून आत घरात नेली, जणू आता नेऊन काही फरक पडणार होता.

आत आल्यावर ती सुपांपुढं बसली. "कांदा उनात ठिवला तर नासतो, हे मला माहेरात शिकवलं," ती म्हणाली. "पर चित्राला सावली लागती हे म्या खरंच धरलं न्हाई. म्हनलं, पोरींचा खेळ हाय काय तरी." मग म्हणाली, "त्या बाईनं माजं हात धरलं हुतं गं."

आईला रडताना मी क्वचित पाहिलं आहे. त्या दिवशी ती रडली नाही, पण तिनं तोंडात घासही घातला नाही. तिच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, ते माझ्याच्यानं होईना. मला तिची दया यायला लागली, आणि त्याचाही राग यायला लागला.

दुपारी मैत्रीण आली. छप्पर घालून झालं होतं. बरोबर तिची आई, हातात आमच्यासाठी दिवाळीची मिठाई, कागदाच्या पुड्यात बांधलेली. माझ्या आईनं पुडा घेतला नाही. तिनं त्या दोघींना आत बसवलं, पाणी दिलं आणि सुपं पुढं ठेवली.

"बाई, माज्या हातानं गेली," ती म्हणाली. "कसर लागली हुती म्हून उनात ठिवली. माज्या पोरीनं सांगितलं हुतं, तरी ठिवली. मी काय तोंड दाखवू तुमास्नी?"

मैत्रिणीच्या आईला सगळे शब्द कळले नसतील. पण सुपात बघितल्यावर कळायला शब्द लागत नव्हते. तिनं ओढणी तोंडाला लावली. मी मैत्रिणीकडं बघत होते. ती ओरडेल, मला मारेल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगते, मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती गुडघ्यांवर बसली आणि एकेका चित्राकडं बघत गेली, कुणी ओळखीचं आजारी माणूस बघावं तशी. जहाजापाशी थांबली. त्याच्यावरचा खडा तिनं उचलला.

खड्याखाली लाल होता.

बोटाच्या टोकाएवढा एक ठिपका, धुराच्या नळकांड्यावर. बाकीचं जहाज विटलेलं आणि तिथं तेवढा लाल, कराचीहून निघाला तेव्हा होता तसा. आई रोज सुपं तशीच आतबाहेर करायची, एक खडा हलू द्यायची नाही, म्हणून तो वाचला होता. मैत्रिणीनं त्या ठिपक्यावर स्वतःचं बोट ठेवलं. बोट बरोबर बसलं. "अदा इथंच ठेवायचा," ती म्हणाली, आणि मग ती रडली. इतक्या वेळ मला वाटत होतं ती रडली नाही म्हणजे फार वाईट झालं आहे. आता ती रडायला लागली तेव्हा माझ्याही जिवात जीव आला.

तिनं एकेक खडा उचलायला सुरुवात केली. पोपटाच्या छातीवर हिरवा. शिपायाच्या डगल्यावर लाल. एका फुलाच्या पाकळीवर पिवळा. प्रत्येक चित्राच्या पोटात एवढासा रंग शिल्लक होता. ती रंगाचं नाव घ्यायची आणि खडा माझ्या ओंजळीत टाकायची. मोरापाशी आल्यावर ती जरा थबकली, तर माझी आई, जी इतका वेळ खाली मान घालून बसली होती, पुढं सरकली आणि तिनं त्या ठिपक्याशी बोट नेलं.

"ह्यो कंचा रंग गं?" तिनं विचारलं.

"निळा, मावशी," मैत्रीण म्हणाली.

"अन् ह्यो?"

असं करत दोघींनी दोन्ही सुपं संपवली. मैत्रिणीची आई बघत राहिली. पोराचा हा खेळ तिनं किती वर्षांनी पाहिला असेल कोण जाणे. शेवटी तिनं मिठाईचा पुडा स्वतःच उठून आमच्या देवळीत ठेवला आणि माझ्या आईच्या पाठीवरून हात फिरवला. आईला ते सोसवेना. ती उठली, छत्रीच्या कापडात तिनं चित्रं गुंडाळली, डब्यात ठेवली, झाकण लावून ते दोन्ही तळव्यांनी दाबलं आणि म्हणाली, "चला, मी येती पोचवाया."

भर दुपार होती. डबा मैत्रिणीच्या हातात होता. गल्लीतून बाहेर पडल्यावर पिंपळाचा पार लागायचा. तिथं आमच्या भावकीतले म्हातारे बसलेले असायचे, नात्यानं आईचे सासरेच सगळे. त्या पारावरून जाताना आईचा पदर नेहमी कपाळाच्या खाली उतरलेला असायचा. त्या पदराबाहेर तिचे केस गावातल्या कुठल्या पुरुषानं पाहिले असतील असं मला वाटत नाही.

घरातून बाहेर पडताच ऊन अंगावर आलं तशी आई मैत्रिणीच्या जवळ सरकली. तिनं डोक्यावरचा पदर ओढून काढला आणि दोन्ही हातांनी त्या डब्यावर धरला. डब्याला झाकण होतं. आत काळं कापड होतं. उन्हाला शिरायला सुईएवढी जागा नव्हती, आणि आईला हे ठाऊक होतं, कारण ते तिनंच गुंडाळलं होतं. तरी ती तशीच चालत राहिली, वाकून, त्या छोट्या पोरीच्या पावलांबरोबर पावलं टाकत, उघड्या डोक्यानं.

पार आला. थोरल्या चुलत आज्यानं काठी आपटली.

"सूनबाई," तो म्हणाला, "पदर."

"पदर कामात हाय, मामंजी," आई म्हणाली, आणि कॅम्पची पहिली बराक येईपर्यंत तिनं तो डोक्यावर घेतला नाही.